कुणी पाहिलं नाही

नव्या रायपुरातल्या सरकारी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, मंजिरीने बाथरूमची कडी आतून लावली आणि मग ती काही केल्या उघडेना. हलकेच ओढून पाहिली, जोर लावून पाहिली, ओढणीचं टोक बोटांना गुंडाळून पाहिली. कडी खाचेत तिरपी होऊन बसली होती. आता घाबरायला हवं, असं तिला वाटलं आणि ती भीतीची वाट बघत उभी राहिली. भीती आली नाही. वरच्या झरोक्यातून बाहेरचं दिसत होतं. रुंद गुळगुळीत रस्ता, त्यावर माणूस नाही, दुभाजकातल्या रोपांना पाणी देत सरकणारा एक टँकर, आणि जिथवर शहर अजून पोचलं नव्हतं तिथे पळसांची केशरी रांग. मंजिरीने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. आपण या घडीला कुठे आहोत हे जगात कोणालाच ठाऊक नाही, हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं. ते ध्यानात आलं तसं छातीतलं काहीतरी इतकं मोकळं झालं की तिला हसूच आलं. बऱ्याच वेळाने शिपायाने बाहेरून पेचकस लावून कडी काढली तेव्हा दारात चारपाच जणी जमल्या होत्या. "तबियत तो ठीक है ना, दीदी?" असं जी ती विचारत होती, आणि मंजिरी हसतच बाहेर आली. त्यांना ते हसू भेदरल्याचं वाटलं असावं. कोणीतरी खुर्ची दिली, कोणीतरी साखरपाणी आणलं. ती मुकाट्याने प्यायली, पण मनात तिला ते दार पुन्हा लागावं असंच वाटत होतं.

घरच्या बाथरूमला कडी नव्हती. छत्तीसगड हे नवं राज्य झालं त्या वर्षी ती पाचवीत होती आणि शाळेत पाहुण्यांसमोर करायच्या कवायतीचा सराव चालला होता. मैदानात रांगेत उभी असताना तिला पहिला झटका आला. तिला स्वतःला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होता तो फक्त शेवट : नाकाशी धरलेली शाळेच्या शिपायाची चामड्याची चप्पल, तिचा आंबट घामट वास, आणि वर गोल करून वाकलेले चेहरे. काय झालं ते तिला मैत्रिणींनी सांगितलं, नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. तू अशी वाकडी झालीस, तुझे डोळे असे वर गेले, तोंडातून फेस आला. त्यानंतर जेव्हा जेव्हा झटका आला तेव्हा तेव्हा असंच झालं. झटका यायचा तिला आणि पाहायचे बाकीचे. किती वेळ होता, कोणत्या बाजूला पडली, काय बडबडली, हे सगळं त्यांच्याजवळ जमा असायचं आणि ते तिला ऐकवायचे, कधी कळवळून, कधी जरा चवीने. तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट तिच्याशिवाय सगळ्यांनी पाहिलेली होती. पहिल्या झटक्याच्या संध्याकाळी तिच्या वडिलांनी, मारोतीरावांनी, बाथरूमची कडी काढली. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस, हात सफाईचा. कडी काढून त्यांनी स्क्रूची भोकं लांबी भरून बुजवली, वरून रंग दिला. तिथे कधी कडी होती याची खूणही राहिली नाही. ते गेले, पण दार तसंच राहिलं. मंजिरी आतून दाराला बादली लावून आंघोळ करायची आणि बाहेरून आई दर थोड्या वेळाने म्हणायची, "मंजू, आवाज दे वो." साबण तोंडात जात असला तरी तिला "हो" म्हणावं लागायचं. ऑफिसात गंधाली नावाची मैत्रीण दार धरून उभी राहायची, आईनेच तिला तसं सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी गंधाली रजेवर होती, म्हणून कडी लागली.

आई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, असं मंजिरीला कधीकधी वाटे, मग भांडण सरळ झालं असतं. शारदाबाई रात्री लेकीच्या मनगटावर हात ठेवून झोपायच्या, आणि तो हात झोपेतही जागा असायचा. मंजिरीने कूस बदलली की बोटं घट्ट व्हायची. गोळ्या लागू पडल्या, झटके थांबले, वर्षामागून वर्ष कोरडं गेलं, डॉक्टर म्हणाले आता काळजीचं कारण नाही, तरी ती बोटं सैल झाली नाहीत. वर्ध्याहून एक स्थळ आलं होतं. मुलगा शांत, बँकेत. आई म्हणाली, "सांगू नोको. लग्न झाल्यावर सांगू, तोवर येनार बी नाही." मंजिरीने चहाचा कप त्याच्या हातात देता देता सांगून टाकलं. तो "अच्छा" म्हणाला, कप संपवला, आणि पुन्हा आला नाही. आई त्या दिवशी जेवली नाही. मंजिरी मात्र दोन पोळ्या जास्तच जेवली होती, मुद्दाम, आईच्या समोर बसून, आणि घास घशात अडकत असतानाही थांबली नव्हती. त्या पोळ्यांची तिला अजून लाज वाटायची, आणि अजून त्या पोळ्या तिला हव्याच होत्या.

कडी अडकली त्यानंतर ऑफिसच्या बसमधून तेलीबांध्याला उतरल्यावर ती घरी जायच्या आधी तळ्याला चालत फेऱ्या मारू लागली. मग तिने एक मोठी सॅक विकत घेतली आणि तिच्यात तांदळाची पिशवी घालून फेऱ्या मारू लागली. फिरायला आलेली माणसं बघायची. एका काकूंनी विचारलं, "बेटा, मिलिट्री में जाना है क्या?" ती "नाही" म्हणाली आणि पुढे गेली. सिहाव्याच्या डोंगरात महानदी उगम पावते आणि पुढे ओडिशात समुद्राला मिळते, एवढं शाळेत शिकलेलं तिला आठवत होतं. घरून सिहाव्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून नदीच्या काठाने समुद्रापर्यंत. नदीच का, हे तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. रस्त्याला फाटे असतात, फाट्यावर कोणाला तरी विचारावं लागतं. नदीच्या काठाने निघालं की कोणाला काही विचारायचं काम नाही. ऑफिसची नोकरी कंत्राटी होती. कंत्राट संपलं तेव्हा तिने नव्याच्या कागदावर सही केली नाही. डॉक्टरांकडे ती एकटी गेली. ते म्हणाले, झोप मोडू नको, गोळी चुकवू नको, एकटीने पाण्यात उतरू नको, उंचावर चढू नको. चालू नको असं म्हणाले नाहीत. तिने दोनदा विचारून घेतलं.

आई लसूण सोलत होती तेव्हा मंजिरीने सांगितलं.

"कोनासंगे?" आईने मान वर केली नाही.

"एकटी."

"एकटी म्हणजे?"

"एकटी म्हणजे एकटी, आई."

"आन् रस्त्यात आला तर?"

"आला तर आला."

"कोन धरंन तुले?"

"कोणी नाही धरणार."

धाकटा भाऊ नीलेश उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून शिफ्ट करून आला होता, केसांवर लोखंडाची धूळ तशीच होती. तो मराठी सगळं समजायचा आणि उत्तर हिंदीतच द्यायचा. "दिमाग खराब हो गया है क्या इसका?" त्याने आईला विचारलं, जणू मंजिरी खोलीतच नव्हती. मंजिरी म्हणाली, डॉक्टरांनी नाही म्हटलेलं नाही. "डॉक्टरले काय होते बोलायले," आई म्हणाली, "त्याच्या घरची पोट्टी आहे का?" मग तिने सोललेला आणि न सोललेला लसूण एकत्र करून टाकला आणि उठून गेली. त्यानंतर निघायच्या दिवसापर्यंत ती मंजिरीशी बोलली नाही. निघायच्या सकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मंजिरी उंबऱ्यात सॅक घेऊन थोडा वेळ उभी राहिली, आईच्या पाठीकडे बघत. श्वासावरून कळत होतं की ती जागी आहे. "फोन करीन," मंजिरी म्हणाली. पाठ हलली नाही. मग ती दार ओढून घेऊन निघाली, आणि दार ओढताना तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त जोरात आपटलं.

पहिले काही दिवस रस्ता नव्हताच, नुसतं शरीर होतं. खांदे, टाचा, कंबर. अभनपूरच्या रस्त्याला ट्रक इतक्या जवळून जायचे की सॅक हवेने ओढली जायची आणि ती दोन पावलं वेडीवाकडी पडायची. टाचेला फोड आले, फुटले, पुन्हा आले. अभनपूरला बाजाराचा दिवस होता. धान्याच्या पोत्यांच्या आडोशाला बसून तिने मोजे काढले तेव्हा पोती शिवणारी एक बाई हातातली सुई तशीच धरून तिच्या पायांकडे बघत राहिली. चालताना डोकं रिकामं होईल, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तसं काही झालं नाही. उलट डोकं भरून आलं. घरात ज्यांना कधी उत्तर दिलं नव्हतं ते सगळे रस्त्यात भेटायला लागले : कवायतीच्या मैदानातल्या पोरी, चप्पल धरणारा शिपाई, वर्ध्याचा मुलगा, "अच्छा" म्हणणारा. ती त्यांच्याशी भांडत चालायची. कधीकधी तोंडाने मोठ्याने बोलायची, आणि सायकलवरून जाणारा कोणी मागे वळून बघायचा. तिला त्याचंही काही वाटेनासं झालं. पण शेतात एकटी असताना, दूरवर माणूस नसताना, अचानक पोटात कालवाकालव झाली की ती जागीच थिजायची. ती झटक्याची चाहूल असू शकायची, साधी भूकही असू शकायची. ती सॅकचा पट्टा धरून उभी राहायची आणि वाट बघायची, आणि भूकच निघाली की तिला स्वतःचा राग यायचा. आईची बोटं मनगटावर होती, ती सोबत आली होती.

गावोगाव एकच प्रश्न होता. पायी? एकटी? कशासाठी? ग्रामपंचायतीच्या ओसरीवर, शाळेच्या व्हरांड्यात, पाणी मागितलं त्या प्रत्येक दारात. लोकांनी तिला उत्तरंही स्वतःच दिली. सर्वेवाली आहे, नवऱ्याने टाकलेली आहे, कुठल्या संस्थेची आहे. सर्वांत सोपं उत्तर होतं मन्नतचं, म्हणजे नवसाचं. कुरूदच्या पुढे एका मोठ्या घरच्या सासूबाईंनी ते स्वतःच ठरवून टाकलं आणि तिच्या पायाला हात लावायला वाकल्या. चुलीवरून गरम चीला, तांदळाचं धिरडं, उतरत होता, टमाट्याच्या चटणीचा वास येत होता, दिवसभर मंजिरीने चुरमुऱ्यांवर काढलं होतं. हो म्हटलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं. आई असती तर म्हणाली असती, सांगू नोको, हो म्हण. "नहीं माताजी," ती म्हणाली, "कोई मन्नत नहीं है. बस चल रही हूँ." सासूबाईंचा हात मध्येच थांबला आणि त्या सरळ झाल्या. चीला आला, पण उशिरा आला, आणि ती जेवत असताना दोन्ही सुना दाराआडून तिच्याकडे बघत राहिल्या. चीला गार झालेला होता. तिने शेवटचा तुकडासुद्धा टाकला नाही.

संध्याकाळी फोन व्हायचा. आपण कुठे आहोत ते फोनवरून सतत दिसत राहावं, अशी नीलेशची अट तिने मोडून काढली होती. एक फोन, तोही आपण करू तेव्हा. आई उचलायची. "जेवली?" "जेवले." "गोळी?" "घेतली." यापुढे आईकडे बोलायला काही नसायचं, पण ती ठेवायची नाही. दोघी तशाच फोन कानाला लावून गप्प असायच्या. आई आपला श्वास ऐकते आहे, हे मंजिरीला कळायचं. ती मुद्दाम श्वास संथ घ्यायची.

धमतरी मागे पडलं, धरणाचं पाणी दिसलं आणि मागे पडलं, आणि नगरी गावच्या रस्त्याला जंगल सुरू झालं. सालाची नवी पानं निघाली होती, पोपटी, ओलसर चकाकीची. टाचांचे फोड सुकून तिथे कातडी निबर झाली. सॅक आता ओझं वाटेना, पाठीचाच एक भाग वाटायची. एका दिवशी ती सकाळपासून दुपारपर्यंत चालली आणि तिला आढळलं की आज आपण कोणाशीच भांडलो नाही. होळी आली तेव्हा ती एका लहान गावात अंगणवाडीच्या व्हरांड्यात उतरली होती. गावात नगारे रात्रभर वाजले. फागाची गाणी एका घरापुढून उठायची, दुसऱ्या घरापुढे जायची, आणि प्रत्येक टिपरीचा ठोका फरशीतून तिच्या पाठीत यायचा. तिचा डोळा लागला तो उजाडता उजाडता, आणि ऊन चढायच्या आत निघायचं म्हणून ती लगेच उठलीही. झोप मोडू नको, डॉक्टर म्हणाले होते. तिने गोळी घेतली आणि चालू लागली.

ती मोहाच्या झाडाजवळ आली तेव्हा सगळं आधी पाहिलेलं दिसायला लागलं. झाड, त्याच्याखाली पाचोळा जाळून साफ केलेली काळी जमीन, त्या जमिनीवर पडलेली फिकट पिवळी फुलं, हे सगळं हुबेहूब असंच पूर्वी कधी झालेलं, आणि पुढे काय होणार तेही जिभेच्या टोकावर आलेलं. पोटातून काहीतरी वर चढत होतं. तिने सॅक उतरवली. तेवढं तिला आठवलं नंतर, की सॅक उतरवली आणि खाली बसली, बुंध्याला नाही, मोकळ्या जागेत, डोकं आपटू नये म्हणून. तिला कोणी बसवलं नाही. मग काही नव्हतं.

आधी वास आला. गोड, जड, ओला, जरासा आंबूस. चपलेचा नव्हता. मग उजेड, पानांतून तुकड्यातुकड्यांनी. गालाला काहीतरी मऊ चिकटलेलं. ती पडून होती आणि ती कोण आहे ते तिला ठाऊक नव्हतं. दरवेळी इथे आवाज असायचा. मंजिरी, मंजिरी, मंजू, कोणीतरी हाका मारायचं आणि नाव बाहेरून आत यायचं, हातात काढून दिल्यासारखं, आणि त्या नावामागून बाकीचं सगळं. या वेळी कोणी हाक मारली नाही. ती बिननावाची पडून राहिली, किती वेळ कोणास ठाऊक. वरून एक फूल सुटलं आणि तिच्या मानेजवळ पडलं, त्याचा बारीक ठप्प आवाज झाला. मुंग्या होत्या. हात होते, ते तिचेच असावेत. आणि मग, कुठूनही नाही, आतूनच, हळू वर येत नाव आलं. मंजिरी. तिने ते तोंडाने म्हणून पाहिलं आणि जीभ दुखली. चावली गेली होती. सलवार ओली होती. हनुवटी खरचटली होती, अंगातला सांधा न् सांधा ठणकत होता. तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांचा कोरडा काळ आज संपला होता, आई खरी ठरली होती, आणि ती त्या काळ्या जमिनीवर कूस घेऊन लहान पोरीसारखी रडली. रडता रडता तिने मान वळवून इकडेतिकडे पाहिलं, सवयीने, कोणाकोणाचे चेहरे आहेत ते बघायला. चेहरे नव्हते. रस्ता रिकामा होता. कुणी पाहिलं नव्हतं. किती वेळ झाला, कोणती कूस, डोळे कसे फिरले, हे कोणाजवळच जमा नव्हतं. ते उद्या कोणी करून दाखवणार नव्हतं. जे झालं ते तिला झालं आणि तिच्याजवळच राहिलं. रडणं आपोआप थांबलं. ती उठून बसली. भीती होती, आता ती चांगलीच आली होती. पण भीतीच्या शेजारी, तिला हात न लावता, दुसरंही काहीतरी बसलेलं होतं, आणि ते उठून जायला तयार नव्हतं.

टोपली घेऊन एक म्हातारी झाडाकडे आली तेव्हा मंजिरी अजून बसलेलीच होती. म्हातारीने तिच्या हनुवटीकडे पाहिलं, ओल्या कपड्यांकडे पाहिलं. "गिर गेस का, नोनी?"

"हव," मंजिरीने तिच्याच छत्तीसगढीत हो म्हटलं.

"अकेल्ला हस?"

"हव."

म्हातारीने तिला भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी दिलं, हाताने नाल्याची दिशा दाखवली आणि खाली बसून फुलं वेचायला लागली. मंजिरीने नाल्याच्या कडेला बसून, पाण्यात न उतरता, कपडे बदलले, ओले धुतले. आजवर शुद्धीवर आल्यावर तिला कोणीतरी धुतलेलं असायचं. परत येऊन डोकं ठिकाणावर येईपर्यंत ती म्हातारीबरोबर फुलं वेचत बसली. म्हातारीचं नाव मीराबाई होतं. तिने आपल्या दोन सुनांबद्दल आणि यंदा मोह कमी आल्याबद्दल सांगितलं. आणखी काही विचारलं नाही. दुपारी मीराबाईच्याच घरी तिने भात खाल्ला आणि खाटेवर झोपून गेली.

संध्याकाळी फोन लावायच्या आधी तिने काय काय बोलायचं ते मनाशी घोळवलं. आईने उचलला.

"जेवली?"

"जेवले."

"गोळी?"

"घेतली."

मग आई म्हणाली, "सिहावा म्हण."

"काय?"

"सिहावा म्हण एकदा."

मंजिरीने म्हटलं. स जिभेला अडकला.

"आला नं," आई म्हणाली. ती विचारत नव्हती. सतरा-अठरा वर्षं ती जीभ ऐकत आली होती.

नाही म्हणता आलं असतं. गरम भाताने जीभ भाजली म्हणता आलं असतं. लपवणं तिला आईनेच शिकवलं होतं, आणि तेच तर तिला कधी जमलं नव्हतं. "आला," ती म्हणाली.

"कोन होतं?"

"कोणी नव्हतं, आई."

मग आईने विचारलं, "कोन्या गावात आहेस?" आणि मंजिरीने गावाचं नाव सांगितलं. सांगताना तिला ठाऊक होतं काय होणार ते.

दुसऱ्या सकाळी ती लवकर निघाली होती, पळून जायला नाही, ऊन चढू नये म्हणून. गाडीने तिला सिहाव्याच्या अलीकडे गाठलं. ती रस्त्याच्या कडेच्या हातपंपावर होती, सॅक खाली ठेवलेली. नीलेश उतरला, एक शब्द न बोलता सॅक उचलली, डिकीत टाकली आणि कुलूप लावलं.

"नीलेश, सॅक दे."

"गाड़ी में बैठ, दीदी."

"सॅक दे."

"दवाई उसी में है ना? बिना दवाई के कहाँ जाएगी? बैठ जा, तमाशा मत कर." त्याचे डोळे लाल होते, रात्रभर झोपला नसावा. मागच्या सीटवर आई बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन, समोर बघत. आईने आपल्याकडे पाहिलं असतं तर कदाचित आपण बसलो असतो, असं मंजिरीला नंतर वाटलं. तिने बाटलीचं झाकण लावलं आणि चालू लागली. सिहाव्याच्या दिशेने, रिकाम्या पाठीने. सॅक नसल्यामुळे अंग पुढे पुढे झुकत होतं, पावलं हलकी आणि भलतीकडे पडत होती. सकाळची गोळी घेऊन झाली होती, पुढची रात्रीपर्यंत लागणार नव्हती. रात्री लागणार होती. ते तिला माहीत होतं, नीलेशला माहीत होतं. ती चालत राहिली. गाडी सुरू झाली आणि तिच्या बाजूने, तिच्याच चालीने सरकू लागली. मागची काच खाली आली.

"मरून गेली असती तर?" आई म्हणाली.

"तर गेले असते."

"बोलायले सोपं आहे तुले. तुले त् काई मालूमच नाही पडत. पाह्याले मी असतो. मले इच्यार कसं राह्यते ते. इतके वर्षं मी झोपली नाही, मंजू."

"मग आता झोप ना, आई."

तिला ते तसं म्हणायचं नव्हतं. ते दुष्ट होतं आणि ते खरं होतं, आणि तोंडातून गेलेलं परत घ्यायला तिने तोंड उघडलं नाही. काच वर गेली. गाडी मागे पडली, थांबली. मंजिरीने वळून पाहिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यामुळे रस्ता दोन रस्ते झाला होता, ती त्यातल्या एकावरून चालत होती. मागे नीलेशचा आवाज चढला, आईचा आला नाही. मग डिकी उघडल्याचा आवाज, आणि मग पावलं. ती पावलं तिला झोपेतही ओळखता आली असती. एक गुडघा दुखरा, एक चप्पल घासत येणारी. घासायचा आवाज आज जास्त होता. मंजिरी जरा चालत राहिली, मग तिला ते सोसेना.

"थांब," आई म्हणाली, तेव्हा ती थांबलेलीच होती.

आईने सॅक दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून आणली होती. धाप लागली होती, पदर घसरला होता, कपाळावरून घाम उतरत होता. "एवढं वझं घेऊन चालते?" तिने विचारलं, पण उत्तराला थांबली नाही. "हे पाह्य. मी तुले जा म्हणून नाही देऊन राह्यली. गोळ्या आहेत याच्यात."

"माहीत आहे."

"जा म्हननार बी नाही. कदी नाही म्हननार."

"नको म्हणू."

मंजिरीने सॅक घेतली, एक हात घातला, दुसरा घातला, कमरेचा पट्टा आवळला. आईचा हात तिच्या खरचटलेल्या हनुवटीकडे आला. मंजिरी एक पाऊल मागे सरली. हात हवेत थोडा वेळ राहिला आणि मग आईने त्याच हाताने आपला पदर सावरला. इतक्या उजेडात, इतक्या मोकळ्या जागी, दोघी एकमेकींकडे कधी बघत उभ्या राहिल्या नव्हत्या. आई म्हातारी झाली होती.

"काय दिसते तुले तेव्हा?" आईने अचानक विचारलं. "आतून?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. मंजिरीने आठवून पाहिलं. "काही नाही दिसत," ती म्हणाली. "नंतर नाव येतं. काल आपलं आपण आलं."

आईने मान हलवली, समजल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. मग ती वळली आणि गुडघा सांभाळत गाडीकडे निघाली. मंजिरीही वळली. तिने आभार मानले नाहीत, माफी मागितली नाही. सालाच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या आणि सॅकने पाठ पुन्हा सरळ झाली होती. गाडी वळल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मग आला, मग लांब गेला. तो पुरता विरेपर्यंत ती चालत राहिली, आणि विरल्यावरही.